मूळ कथेत केंट दांपत्य नव्हतेच

सुपरमॅनचे यान कॅन्ससऐवजी बीडकडच्या एखाद्या तुरीच्या शेतात उतरले असते, तर त्याला वाढवणाऱ्या केंट दांपत्याच्या आधी पंचनाम्यासाठी तलाठी पोहोचले असते, असे कोणी म्हटले तर ते मान्य आहे. परंतु 1938 च्या मूळ कथेत केंट दांपत्यच नव्हते. 'ॲक्शन कॉमिक्स' या चित्रकथांच्या मासिकाच्या पहिल्या अंकात यानातले ते बाळ रस्त्याने जाणाऱ्या एका मोटारचालकाला सापडते आणि तो ते सरळ अनाथाश्रमात देऊन मोकळा होतो. (त्या वर्षी आपल्याकडे निजामाचा अंमल होता, तेव्हा पंचनामाही उर्दूत झाला असता.)

शिवाय त्या अंकात त्याला उडता येत नाही, तो फक्त एक अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे 200 मीटर, उडी मारतो. आणि या अचाट शक्तीचे 'शास्त्रीय' स्पष्टीकरण म्हणून शेकडो पट ओझे पेलणारी मुंगी आणि लांब उडी घेणारा नाकतोडा यांचा दाखला दिलेला आहे. ज्वारीच्या काढणीच्या वेळी मी हे आजोबांना चित्र दाखवून मोठ्या कौतुकाने सांगितले, तेव्हा त्यांनी पेंढीवरच्या नाकतोड्याकडे विळ्याचे टोक करून विचारले, "मंग ह्यानं का न्हाई चड्डी वरून घातली?"