रिव्हॉल्व्हर की बारा बोअर?

भाऊ, नागपूरजवळच्या बेसाच्या नव्या घरासाठी 'पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर घेऊ की पिस्तूल', असं तुम्ही विचारलं. आधी परवाना तर हातात पडू द्या! शहर हद्दीत अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, गावाकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे. 'चोऱ्या वाढल्या' एवढ्या कारणावर सहसा भागत नाही. नाइन एमएमचा विचार डोक्यातून काढाच, सामान्य माणसाला ते बोअर, म्हणजे नळीचं ते माप, मिळतच नाही.

आता माझं मत. पहिलंच हत्यार असेल तर दोघांपैकी काहीच नको, बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची लांब बंदूक बरी. आमच्या मामांकडे काटोलच्या संत्र्याच्या मळ्यावर होती. भरायला मधोमध वाकवून उघडली की दोन्ही नळ्या समोर उघड्या. काडतूस आहे की नाही, हे पोरालाही दिसतं. पिस्तुलात मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं तरी एक गोळी चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या खोबणीत, राहू शकते, आणि नवशिक्या नेमका तिथंच फसतो. रिव्हॉल्व्हर त्या मानानं सरळ, पण छोट्या नळीनं नेम धरायला सराव लागतो. तो तुम्ही कुठे करणार, सांगा?

दुनळीचा त्रासही आहेच. पावसाळ्यात मामा दर रविवारी ओसरीवर बसून नळीत तेलाचा बोळा फिरवत, तरी गंज यायचाच. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची नोटीस. आणि घरात लहान पोरं असतील तर बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या.

खरं सांगू? मामांच्या मळ्यावर चोर यायचे तेव्हा बंदूक कपाटातच असायची, पळवून लावायचं ते कुत्रं.