लांडग्यांचं ‘व्यवस्थापन’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या लांडग्यांच्या वादावर लेख लिहिते आहे. ‘मॅनेजमेंट’साठी ‘व्यवस्थापन’ वापरला. दादरला आईला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, “म्हणजे काय करतात गं, खायला घालतात?” दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : आईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. व्यवस्थापन कारखान्याचं असतं, वसतिगृहाचं असतं. त्यात कुणी मरत नाही. अमेरिकेत मात्र लांडग्यांची गणती, गळ्यात पट्टा बांधणं, पकडून दुसरीकडे सोडणं आणि गोळी घालणं हे सगळं या एका शब्दात मावतं. आयडाहो, मोंटाना या राज्यांत शिकारीत मारलेल्या लांडग्यांना ‘हार्वेस्ट’ म्हणतात, म्हणजे चक्क पीक कापल्यासारखं! लांडगा हवा असणाऱ्याला ‘व्यवस्थापना’त बंदूक ऐकू येते, वासरू गमावलेल्याला चालढकल. मग अभ्यासक कितीही खरं बोलोत, दोघांनाही आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय असंच वाटतं.

कोलोरॅडोत २०२०च्या मतदानात लांडगे परत आणायचा कौल निसटत्या बहुमताने लागला. डिसेंबर २०२३मध्ये ओरेगॉनहून १० लांडगे आणून सोडले. गुरं मारणारा एक गट २०२४मध्ये पकडला आणि त्यातले उरलेले जानेवारी २०२५मध्ये पुन्हा सोडले. आणले, पकडले, सोडले. लेखात हीच क्रियापदं लिहा, नाम शोधत बसू नका.

आणि कृपा करून ‘बंदोबस्त’ नको. मूळ फारसी शब्द बांधून नीट लावण्याचा; पोलीस बंदोबस्त त्यातलाच. पण ‘बिबट्याचा बंदोबस्त करा’ म्हणजे ‘तो दिसता कामा नये’. बोरिवलीत आमच्या सोसायटीच्या फलकावर अगदी हेच वाक्य लागलं होतं. वनरक्षक आले, ते पिंजऱ्याशिवाय. मागच्या गेटपाशी सांडलेला ओला कचरा दाखवून म्हणाले, “याच्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे तो येतो. कचरा उचला, इथे दिवा लावा. हा नेला तर याच्या जागी दुसरा येईल.” दुसऱ्या मजल्यावरचे काका भडकले, “म्हणजे तुम्ही काहीच करणार नाही!” काकांच्या कानात बंदोबस्त म्हणजे पिंजरा, त्यामुळे दिवा त्यांना पळवाट वाटला. जुन्नरला पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यासून दाखवलंय. ते त्या संध्याकाळी सांगूनही कुणी ऐकलं नसतं.

(वर्तमानपत्रांचा लाडका ‘जेरबंद’ मुळात घोड्याच्या साजातला पट्टा आहे. तोही टाळाच.)

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. मेंढरं मारली एवढ्यावरून त्याला मारायची परवानगी मिळत नाही. धनगराच्या वाट्याला येतो तो पंचनामा आणि भरपाईची वाट. त्यामुळे इथल्या वाचकाच्या मनात ‘व्यवस्थापना’तून गोळी येणारच नाही, ती तुम्हाला स्पष्ट लिहावी लागेल.

प्रश्नकर्ती : शीर्षक बदललं : ‘लांडगे मारायचे, हलवायचे की राहू द्यायचे?’ आई म्हणाली, आता कळलं. एकच अडलंय, त्यांची टोळी की कळप?

उत्तर : टोळी दरोडेखोरांची, त्या शब्दाने लांडगा आधीच गुन्हेगार ठरतो. बहुतेकदा ते आईबाप आणि पिल्लंच असतात, म्हणून मला ‘कुटुंब’ आवडतं. पण ज्याची गुरं गेली त्याला ते खुपेल. कळप लिहा. मेंढरांचाही कळपच असतो.