मदत हवी आहे : जुन्या न्हाव्याच्या दगडावर वस्तऱ्याची धार

मंडळी, सांगलीत जुन्या बाजारात वस्तऱ्याला धार लावायचा छोटा दगड मिळाला. साधारण पाच बाय दोन इंच, करड्या रंगाचा, कारखान्यात बनलेला; नैसर्गिक नाही. एक बाजू किंचित खरखरीत, दुसरी काचेसारखी गुळगुळीत. शिक्का पुसला गेलाय, त्यामुळे कंपनी विचारू नका.

वस्तरा जर्मनीतल्या सोलिंगन शहराचा, घडीचा, पातं कार्बन स्टीलचं. पात्याला खड्डे किंवा गंज नाही. पूर्वी दाढी छान व्हायची, आता हनुवटीखाली ओढतो. म्हणजे नव्याने धार काढायची नाही, फक्त ताजी करायची आहे.

करून पाहिलेलं : दगड भांड्याच्या साबणाने घासून धुतला. गुळगुळीत बाजूवर आधी कोरडा, मग पाणी लावून, मग साबणाच्या फेसावर वस्तरा फिरवला. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, अजिबात दाब न देता. नंतर चामड्याच्या पट्ट्यावर. फेसावर थोडा फरक वाटला, पण वस्तरा दगडावर नुसता घसरतो, चावत नाही.

माझा अंदाज, वरचा थर जुन्या तेलाने आणि लोखंडाच्या कणांनी बुजलाय. गणपती पेठेत पॉलिश पेपर २००० नंबरपर्यंत मिळतो. महागडे परदेशी दगड नकोत, आणि 'ब्लेडवाला वस्तरा घे' हा सल्ला घरातून रोज मिळतोच.

काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून गुळगुळीत बाजू घासली तर दगड पुन्हा चावेल, की त्याचा बारीकपणाच जाईल? आणि घासायचाच तर शेवट कितीच्या पेपरवर करू?