मदत हवी आहे : भुजंगप्रयातात अडकले आहे

नमस्कार मंडळी. पंधरा वर्षं मुक्तछंदात खरडते आहे, आता वृत्त शिकायची हौस आलीय. सुरुवात भुजंगप्रयात या वृत्तापासून केली, कारण 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' लहानपणापासून कानात आहे. लगागा (ल म्हणजे लघू, आखूड उच्चाराचं अक्षर; गा म्हणजे गुरू, लांब उच्चाराचं) चारदा, ओळीत बारा अक्षरं. पोळ्या लाटताना लाटण्यावर ठेका धरते, घरचे हसतात.

चार दिवसांत जमलेली ही एकुलती एक ओळ :

तुझ्या अंगणी सांज आली उशीरा

'झ्या' जोडाक्षर आहे, मग आधीचा 'तु' गुरू नाही का होत? 'सत्य'मधला 'स' होतो की! वाचताना मात्र 'तु'वर आघात येत नाही, म्हणून मी तो लघूच धरला. बरोबर आहे ना?

'सांज'मधला 'ज' बोलताना अर्धाच निघतो. तरी वृत्तात पूर्ण लघू मोजायचा?

खरी पंचाईत शेवटी आहे. शुद्धलेखनाप्रमाणे 'उशिरा' हवं, पण मग ललगा होतं आणि ओळ लंगडते. 'शी' दीर्घ केली तर चालेल, की ही नवशिक्यांची पळवाट? एका ओळखीच्या कवींनी "आधी भाव बघा" म्हणून वाटेला लावलं. भाव आहे हो, मात्रा नाहीत!

आणि एक, अशा अक्षरगणवृत्तांआधी (लघू-गुरूंचा क्रम ठरलेल्या वृत्तांआधी) ओवी-अभंग किंवा मात्रावृत्तं (ओळीतल्या मात्रा मोजायची वृत्तं) हाताळायला हवी होती का? मात्रावृत्तांत एका गुरूच्या जागी दोन लघू चालतात म्हणे. तुम्ही कुठून सुरुवात केलीत? ओळीची चिरफाड केलीत तरी चालेल.