कास-ठोसेघरसाठी खिशातला कॅमेरा : आरएक्स१०० मार्क ३, जी७ एक्स मार्क २ की जीआर ३?

घाटवाट_सातारा

नमस्कार मंडळी. वापरलेला छोटा कॅमेरा घ्यायचाय. समोर तीन पर्याय आहेत : सोनी आरएक्स१०० मार्क ३, कॅनन जी७ एक्स मार्क २ आणि रिको जीआर ३. वापर असा : सप्टेंबरात कासची फुलं, पावसाळ्यात ठोसेघरचा धबधबा, एरवी गल्ल्या, बाजार, जत्रा. रॉमध्ये (सेन्सरची नोंद जशीच्या तशी ठेवणारी फाइल) काढून घरी प्रोसेस करणार, कधीतरी १२ × १८ इंची प्रिंट. खिशात मावलाच पाहिजे, नाहीतर मोठा कॅमेरा आहेच. फोनपेक्षा खरंच फरक पडतो का, आणि घेताना काय तपासायचं?

भिंगोबा

आधी नावाचा घोळ. ‘एक इंची’ सेन्सर एक इंचाचा नसतो. सोनी आणि कॅनन दोन्हींत तो १३.२ × ८.८ मिमी आहे. नाव जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून चिकटलंय. जीआर ३ चा एपीएस-सी (मोठ्या कॅमेऱ्यांत असतो तसा सेन्सर), म्हणजे क्षेत्रफळ साधारण तिप्पट. मोठा सेन्सर असलेल्या चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याशी भर उजेडात तुलना केलीत तर फरक शोधावा लागेल. फरक पडतो तो झूम केल्यावर, कारण फोनच्या टेली कॅमेऱ्याचा सेन्सर बहुतेक वेळा बराच लहान असतो. प्रिंटची काळजी नको, २० मेगापिक्सेलमध्ये १८ इंच रुंदीला इंचामागे ३०० पिक्सेल बसतात.

आता कास. जाहिरातीत ‘मॅक्रो ५ सेंमी’ लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. ते ५ सेंमी फक्त २४ मिमीला, म्हणजे झूम पूर्ण आत असताना. तेवढं जवळ जायचं तर पठारावर आडवं पडावं लागेल. पायवाट सोडून आत पाऊल टाकायचं नाही हा तिथला नियम, आणि तो बरोबरच आहे. शिवाय इतक्या जवळून कॅमेऱ्याची सावली फुलावर पडते आणि पुढची पाकळी ताटाएवढी दिसते.

म्हणून बघायचं ते झूम पूर्ण बाहेर काढल्यावरचं किमान अंतर. आरएक्स१०० मार्क ३ : ७० मिमीला ३० सेंमी. जी७ एक्स मार्क २ : १०० मिमीला ४० सेंमी. दोन्हींत चौकटीत साधारण १५ सेंमी रुंदी येते. अडीच सेंमीचं सोनकीचं फूल त्यात ९०० पिक्सेलच्या आसपास भरतं. तेरड्याच्या ताटव्यातलं एखादं झाड, गेंदांचा पुंजका, सीतेच्या आसवांचा तुरा हे झकास येईल. दवबिंदू या कीटकभक्षी झाडाच्या केसांवरचे चिकट थेंब येणार नाहीत, त्यासाठी मोठा कॅमेराच न्या. दोघांत माझं मत कॅननला : १० सेंमी जास्त लांबून तीच चौकट मिळते, आणि १०० मिमीला मागचं गवत जास्त विरघळतं.

एक सेटिंग लक्षात ठेवा. सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी दोन्ही लाल चॅनेल फाडतात, म्हणजे लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला जाऊन तपशील उडतो. एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण पाकळीवरच्या शिरा गेलेल्या असतात. एक्स्पोजर −२/३ ठेवा आणि सावली रॉमधून वर काढा.

कृष्णाकाठ_सांगली

भिंगोबा, फुलांचं मान्य. पण गल्ल्या-बाजाराचं तुम्ही सोडूनच दिलंत. तिथे जीआर ३ ला तोड नाही. मिरजेत सतारीच्या कारखान्यात दार सोडलं तर एखादी ट्यूब असते. भोपळ्यावर कोरीव काम चाललेलं असतं ते अंधाऱ्या कोपऱ्यात. तिथे एपीएस-सीचं आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० सहज चालतं. एक इंचीत ते वापरता येतं, पण लाकडाचा पोत साफ होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. शटर याहून जलद केलंत तर फोटोगणिक उजेड आणि रंग बदलतो.

बाजारात स्नॅप फोकस (आधीच ठरवलेल्या अंतरावर फोकस) २ मीटर, छिद्र एफ ८. साधारण १ मीटरपासून पुढे जवळजवळ सगळं रेखीव, फोकससाठी थांबणं नाही.

उणी बाजूही सांगतो. झूम नाही, २८ मिमी म्हणजे २८ मिमी. (४० मिमी हवं तर जीआर ३एक्स.) फ्लॅश नाही. बॅटरी साधारण २०० फोटोंची, म्हणजे दोन तरी खिशात. आणि सेन्सरवर धूळ जाण्याची तक्रार जुनी आहे. सांगलीत हळदीच्या सौद्यात पोत्यात हात घातला की पिवळा धुरळा उडतो. तिथे बाहेर येणाऱ्या भिंगाचा कुठलाही कॅमेरा चालू ठेवून फिरू नका. काढा, टिपा, बंद करा.

घाटवाट_सातारा

दोघांचे आभार. धबधब्याचं राहिलं. या कॅमेऱ्यांना फिल्टर लावायला आटे नसतात ना?

भिंगोबा

सोनी-कॅननच्या भिंगाला नसतात, पण एनडी (उजेड कमी करणारा गडद फिल्टर) आतच आहे : दोन्हींत ३ स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा), जीआर ३ मध्ये २. ढगाळ दिवशी आयएसओ १२५, एफ ५.६ ला शटर १/१२५ च्या आसपास येतं. एनडी चालू केलं की १/१५, एफ ८ केलं की १/८. पाण्याला रेशमी पदर यायला तेवढं पुरतं. एफ ११ ला जाऊ नका, एवढ्याशा सेन्सरवर डिफ्रॅक्शनने (लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. आणि गरजही नाही, इथला एफ ४ खोलीच्या (पुढे-मागे किती रेखीव दिसतं याच्या) बाबतीत फुल फ्रेमच्या (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) एफ ११ सारखा वागतो. कॅमेरा रेलिंगवर टेकवणार असाल तर २ सेकंदांचा टायमर लावा आणि गर्दी हलेपर्यंत थांबा. लोक टेकले की रेलिंग थरथरतं.

आरएक्स१०० मार्क ६ किंवा ७ स्वस्तात दिसला म्हणून भुलू नका. झूम २०० मिमीपर्यंत आहे, पण आतलं एनडी काढून टाकलंय.

खटका_दुरुस्ती

वापरलेला घेताना हे करा. स्वतःचं कार्ड न्या, दिवसा जा.

दहा वेळा चालू-बंद करा, दर वेळी झूम टोकापर्यंत. नळी करकरली, अडखळली किंवा तिरकी बाहेर आली तर तिथूनच परत फिरा. आत वाळूचा कण किंवा पडल्याचा धक्का असतो, पुढे ‘भिंगात बिघाड’ असा संदेश येऊन कॅमेरा बसतो. दुरुस्तीला बहुधा अख्खं भिंग बदलावं लागतं आणि सौद्यातली बचत तिथेच संपते.

मग सर्वांत लहान छिद्र (एक इंचीत एफ ११, जीआरमध्ये एफ १६), फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो. काढताना कॅमेरा थोडा हलवा : भिंतीवरचा डाग पुसट होतो, धूळ मात्र तशीच ठिपका म्हणून राहते. भिंग काढता येत नसल्यामुळे फुंकणी मारून ती निघत नाही, उघडावंच लागतं.

विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून २४ मिमी आणि पूर्ण झूमला, सगळ्यांत मोठ्या छिद्रावर एकेक फोटो. चारही कोपरे थोडे मऊ चालतील. एकच कोपरा मऊ असेल तर भिंग सरकलंय.

फोनची टॉर्च भिंगात तिरकी मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. महाबळेश्वर-पाचगणीकडचा, कपाटात पडून असलेला कॅमेरा असेल तर हे आधी बघा.

मार्क ३ मध्ये व्ह्यूफाइंडर वर आल्यावर त्याची काच बोटाने मागे ओढावी लागते. न ओढता बघितलं की धूसर दिसतं आणि माणूस ‘खराब आहे’ म्हणतो. तो खाली दाबला की कॅमेरा बंद होतो, तोही बिघाड नाही. बॅटरी मात्र काढून टेबलावर ठेवा. गरगर फिरली तर फुगलेली आहे.

घेतल्यावर : कासला एसी गाडीतून उतरलात की कॅमेरा झिपच्या पिशवीत १५-२० मिनिटं बंदच राहू द्या. थंड भिंगावर दमट हवा बसते, आणि पुसून उपयोग नसतो, पुन्हा धरतं. तिघांपैकी एकही पाण्यासाठी सीलबंद नाही, भुरभुर सुरू झाली की खिशात. घरी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल; निळ्याचं गुलाबी झालं की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळं करा. तो तवा मग स्वयंपाकाला नको.