पेशंट वर घेताना कंबर धरली, कळ पायात उतरते. वॉर्डाची ड्यूटी कशी चालू ठेवू?

सोलापूरची सिस्टर

नमस्कार. मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मेल मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. वय ३९, लग्नाआधीपासून हेच काम.

गणपतीच्या आधी नाईटला होते. पॅरालिसिसचे एक आजोबा घसरत घसरत खाटेच्या पायथ्याशी आले होते. नाकातून नळी, मान एका बाजूला कललेली. फीड देण्याआधी त्यांना वर घेणं भागच होतं. वजन ऐंशी किलो तरी असेल. मामा (वॉर्डबॉय) दुसऱ्या पेशंटला घेऊन सीटी स्कॅनला गेलेले, जोडीची सिस्टर ऑक्सिजन बदलत होती. शेवटी आजोबांचा नातू आणि मी, दोघांनी काखेत हात घालून ओढलं. त्याचा हात मध्येच सुटला आणि सगळा भार माझ्यावर आला. उजवीकडे कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. ती मांडीच्या मागून पोटरीपर्यंत गेली. फीड दिलं, पहाटेचे स्पंज उरकले, सकाळच्या सिस्टरला चार्ज दिला. घरी आल्यावर चपला काढायला वाकता येईना.

एमआरआयमध्ये एल४-एल५ आणि एल५-एस१ ला, म्हणजे कमरेच्या अगदी खालच्या मणक्यांत, डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली), नसेवर थोडा दाब. गोळ्या, पट्टा आणि तीन आठवडे झोपून राहायला सांगितलं. आता कळ निम्म्यावर आली आहे. पण जास्त वेळ बसलं की पायाच्या करंगळीकडे मुंग्या येतात. रजा संपत आली आहे.

मानेचं दुखणं त्याहून जुनं. आमच्या खाटा बुटक्या. फाउलर बेडला डोकं आणि गुडघे वर करायची हँडलं आहेत, पण अख्खा बेड काही वर येत नाही. सलाइन लावताना शीर शोधत कमरेत आणि मानेत वाकूनच उभं राहावं लागतं. त्यानंतर रजिस्टर, त्यानंतर कॉम्प्युटरवर एंट्री.

घरचे म्हणतात नोकरी सोड. मला सोडायची नाही, हे काम मला मनापासून आवडतं. इन्चार्ज मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "सगळ्यांचीच कंबर दुखते." ते वाक्य अजून मनातून जात नाही. सगळ्यांचीच दुखते, म्हणून तर काही करायला नको का?

पट्टा किती दिवस लावू? ऑपरेशन लागेल का? आणि परत गेल्यावर नेमकं काय बदलू? "गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा" हे ट्रेनिंगपासून पाठ आहे. पण माणूस खाटेच्या मधोमध पडलेला असताना माझे गुडघे खाटेच्या कडेला अडतात. तिथे ते वाकवायचे कसे, हे कोणी दाखवलेलं नाही.

फिजिओ, पुणे

ताई, आधी हे बघा. लघवी-शौचावरचा ताबा कमी झालाय का? बसतो त्या जागी बधिरपणा आहे का? पाऊल फरफटतं का? भिंतीजवळ उभ्या राहून आधी टाचांवर आणि मग चवड्यांवर थोडं चाला. उजवा पाय तग धरत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचाचा त्रास असेल तर मध्यरात्रीही थेट कॅज्युअल्टी गाठा.

हे काही नसेल तर घाबरू नका. अशी पायात उतरणारी कळ बहुतेकांची दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय जाते. मुंग्या सहसा सगळ्यात शेवटी जातात. रिपोर्टमधल्या "बल्ज"चंही फार मनावर घेऊ नका. काहीच दुखत नसलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ साली निघाला, त्यात चाळिशीच्या निम्म्या लोकांना बल्ज होता.

झोपून राहण्याबद्दल डॉक्टरांशी पुन्हा बोला. नेमक्या तुमच्यासारख्या पायात उतरणाऱ्या दुखण्यावर नेदरलँड्समध्ये अभ्यास झाला आणि १९९९ साली छापून आला. दोन आठवडे पडून राहिलेले आणि जमेल तसं हिंडणारे, दोघांत काही फरक निघाला नाही. पडून राहिल्याने पाठीचे स्नायू मात्र ढिले पडतात. थोडं थोडं चाला आणि रोज थोडं वाढवा. पट्टा बाहेर जाताना किंवा प्रवासात आधार म्हणून ठीक. तो लावून वजन उचललं तर कंबर वाचते हा समज मात्र चुकीचा आहे. अमेरिकेत माल हलवणाऱ्या हजारो कामगारांवर अभ्यास झाला होता (२०००), त्यात पट्ट्याने दुखणं कमी झालेलं दिसलं नाही.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. तुमचं वाकणं चुकलं म्हणून हे झालेलं नाही. वजन उचलण्यावर काम केलेले अमेरिकेतले थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली हिशोब मांडला. पेशंट हाताने उचलायचा तर एका माणसाच्या वाट्याला जास्तीत जास्त ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो यावेत. तेसुद्धा पेशंट शांत असेल, सहकार्य करत असेल तर. ८० किलोच्या माणसाचा नुसता एक पाय १३ किलोच्या आसपास भरतो. त्यावर प्लास्टर असेल तर तो एकच पाय तुमची मर्यादा ओलांडतो. म्हणजे दोघांनी ऐंशी किलो ओढणं कुठल्याच पद्धतीने सुरक्षित होत नाही. उचलायच्या पद्धतीचं नुसतं शिक्षण दिल्याने कामगारांची कंबरदुखी थांबत नाही, हे २००८ आणि २०११ च्या आढाव्यांतही दिसलं आहे.

निवृत्त इन्चार्ज

अगं बाळ, तुझं वाचून माझी सगळी नोकरी डोळ्यांपुढून गेली. तुझ्या मॅडमच्या जागी मी असते तर त्याच रात्रीचा रिपोर्ट लिहायला लावला असता.

पहिली गोष्ट, पॅरालिसिसच्या पेशंटला काखेत हात घालून कधीच ओढायचं नाही. त्याचा लुळा खांदा निखळतो. तुझी कंबर आणि त्याचा खांदा, दोन्ही एकदम जातात.

मोठी मशीन नाही म्हणून आम्ही काय करायचो ते सांगते. फीडच्या आधी, पोट रिकामं असताना डोक्याकडची बाजू सपाट करायची. पेशंटला कुशीवर वळवून ड्रॉशीटच्या (त्याच्या अंगाखाली आडव्या घातलेल्या चादरीच्या) खाली एक मोठी स्वच्छ प्लास्टिकची पिशवी, म्हणजे कचऱ्याच्या डब्यात घालतात तसली नवी, पसरायची. परत उताणा करायचा. दोन्ही बाजूंनी ड्रॉशीट पेशंटच्या अंगालगत गुंडाळून घट्ट धरायची. चांगल्या बाजूचा पाय दुमडून टाच गादीत रोवायला लावायची आणि "तीन म्हटलं की ढकला" सांगायचं. आजोबांना ऐकू येत असतं गं, अर्धं काम तेच करतात. आपण एक पाय पुढे, एक मागे ठेवून अंगाचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर न्यायचा. उचलायचं नाही, सरकवायचं. काम झालं की पिशवी लगेच काढायची. नाहीतर कातडी घामेजते, बेडसोअरला आमंत्रण आणि पेशंट पुन्हा खाली.

दुसरं, दोघांचे हात पुरत नसतील तर थांबायचं. मामा येईपर्यंत फीड दहा मिनिटं लांबलं तर चालतं. थांबणं ही हयगय नाही.

आणि एक काळजीची गोष्ट. माझ्या वॉर्डातल्या एका मुलीची पाठदुखी आम्ही सगळे कामाचीच समजत राहिलो. संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. शेवटी मणक्याचा टीबी निघाला. आपण रोज खोकणाऱ्या पेशंटच्या तोंडाशी उभ्या असतो. तुझा एमआरआय झाला आहे, तू निश्चिंत राहा. पण हे वाचणाऱ्या बाकीच्या पोरींनी अशी लक्षणं असतील तर अंगावर काढू नयेत.

दंतवैद्य, कोल्हापूर

मानेबद्दल थोडं. आमच्या पेशात मान जाते ती अशीच, खाली बघून. मानेवरच्या भाराचं एक गणित २०१४ साली मांडलं गेलं. डोकं सरळ असताना मानेवर साधारण ५ किलो भार येतो, ६० अंशांत झुकलं की तो २७ किलोंच्या आसपास जातो. सिस्टर, शीर शोधताना उभ्या राहू नका. चाकांचं स्टूल ओढून बसा आणि पेशंटचा हात उशीवर उंच घ्या. मी बसायची जागा बदलली तेव्हापासून मान हलकी झाली. कॉम्प्युटरखाली ठोकळा ठेवून पडदा डोळ्यांच्या रेषेत आणा.

साताऱ्याची, सध्या लीड्स

ताई, मी इथे वृद्धांच्या वॉर्डात आहे. इथे १९९२ पासून हाताने वजन हलवण्याबद्दल कायदेशीर नियम आहेत. पेशंट दाखल झाला की त्याला हलवायला किती जण लागतील आणि कोणतं साधन, हे त्याच्या कागदांवर लिहिलं जातं. स्लाइडशीट म्हणजे निसरड्या नायलॉनचं कापड, वरच्या इन्चार्ज आजींनी सांगितलेल्या पिशवीचं प्लास्टिक करतं तेच काम. उभं राहता न येणाऱ्याला हॉइस्टने उचलतो, आणि माणसं उचलणाऱ्या त्या यंत्राची दर सहा महिन्यांनी तपासणी सक्तीची आहे. माणसं कमी असतात तेव्हा आमच्याही कमरा दुखतात, खोटं सांगणार नाही. पण "एकटी उचलणार नाही" असं म्हटल्यावर इथे कोणी डोळे वटारत नाही. सोलापुरात हॉइस्ट नसेल, पण पेशंटच्या चार्टवर "हलवायला ३ जण" एवढं लिहायला पैसे लागत नाहीत.

सोलापूरची सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. टाचांवर आणि चवड्यांवर चालून पाहिलं, दोन्ही जमतं. बाकीचं काही नाही. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली. आता कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन येते.

चार्टवर किती जण ते लिहायची गोष्ट मला फार पटली. आमच्या टीपीआर चार्टला (ताप, नाडी, श्वास लिहितो त्या कागदाला) वर रिकामी जागा आहे. जोडीच्या सिस्टरला फोन केला, ती लगेच तयार झाली. तिचीही कंबर दुखते, तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. पण हलकी ड्यूटी मागायची तर मेट्रन मॅडमपुढे काय लिहू? नुसतं "कंबर दुखते" लिहिलं की कामचुकार ठरेन, याचीच भीती वाटते.

निवृत्त इन्चार्ज

"दुखते" लिहू नकोस, "घडलं" असं लिही. तारीख, वेळ, त्या रात्री वॉर्डात पेशंट किती, सिस्टर किती, मामा कुठे होते, पेशंटचं अंदाजे वजन. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण जनरल वॉर्डात शिकवणाऱ्या हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक सिस्टर, इतरत्र पाचांमागे एक. त्याखाली तुमच्या रात्रीचे आकडे नुसते मांड. डॉक्टरांकडून "वजन उचलणे, ओढणे सहा आठवडे टाळावे" अशी नेमकी चिठ्ठी घे आणि ओपीडी, इंजेक्शन रूम किंवा लसीकरण, जे जमेल ते नाव घेऊन माग. सोबत स्लाइडशीटची मागणी वेगळ्या कागदावर दे, म्हणजे ती स्टोअरकडे जाईल. दोन्ही अर्ज हातात देऊन येऊ नकोस. आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तोच क्रमांक लिहून दुसरा अर्ज दे. जोडीच्या सिस्टरलाही तिचा अर्ज वेगळा द्यायला सांग.