उन्हाळ्याच्या दुपारी मुलांना रमवणं हे आईबापांचं काम आहे का?

सावलीतली बाई

ऊन तापायला लागलं की तोच प्रश्न सुरू होतो, मुलांना दिवसभर घरात कसं रमवायचं. उत्तरादाखल मोठमोठ्या याद्या येतात, हे कापा, ते चिकटवा, रंग काढा, आणि त्या याद्या पुऱ्या करता करता आईच दमते. माझं मत स्पष्ट आहे, रमवणं हे आपलं काम नाही. उन्हापासून जपणं, पाणी प्यायला लावणं, कागद-पुठ्ठे-पत्ते-पुस्तकं हाताला लागतील अशी ठेवणं एवढं आपलं, पुढचं त्यांचं त्यांनी बघावं. "कंटाळा आलाय" म्हटल्या म्हटल्या आपण काहीतरी पुढे केलं की पोरं एवढंच शिकतात की कंटाळा दुसऱ्या कोणीतरी घालवायचा असतो. थोडी कुरकुर ऐकून घ्या, दुर्लक्ष करा. थोड्या वेळाने तीच पोरं पलंगाखाली घर बांधून बसलेली असतात, आणि तो खेळ आपण सुचवला असता तर लगेच मोडला असता.

दोन खोल्यांचं घर

ऐकायला छान वाटतं पण हे सगळं मोठी मुलं आणि मोठं घर असलं तरच. माझ्याकडे एक तीन वर्षांचं आणि एक आठ वर्षांचं, खोल्या दोन, त्यातल्या एकीत मी कॉलवर. आठ वर्षांचा रमतो हो एकटा, पण तो जे काही मांडतो ते धाकटी येऊन उधळते, मग रडारड, मग मी कॉल म्यूट करून पळते. त्या वेळी मी टॅब देते आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. सगळे असे बोलतात की टॅब दिला म्हणजे मूल हातचं गेलं. ज्यांना दुपारभर पोटासाठी काम करावं लागतं त्यांना निदान अपराधी तरी वाटायला लावू नका.

सावलीतली बाई

अपराधी वाटावं म्हणून नाही लिहिलं, खरंच. पण तीन वर्षांच्या मुलीसाठी टॅब किती वेळ हा प्रश्न राहतोच ना? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली जे सांगितलं त्यात 2 ते 4 वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघणं दिवसाला 1 तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तमच असं आहे, आणि 1 वर्षाच्या आतल्या बाळाला तर अजिबातच नको. तो एक तास तुमच्या कॉलसाठी ठेवा, माझी काही हरकत नाही. अडचण अशी होते की सकाळी खाताना थोडा, मग कॉलला, मग संध्याकाळी गप्प बसावं म्हणून, असा तो तास कधीच संपून गेलेला असतो.

पायाला भिंगरी

तुम्ही दोघी टॅब की कंटाळा यातच अडकलात, पायांचं काय? 5 वर्षांच्या पुढच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं तरी धाप लागेल असं खेळायला हवं, हे पण त्याच संघटनेचं म्हणणं आहे. ऊन आहे म्हणून ते बंद करून चालत नाही, वेळ बदलायची. ऊन चढायच्या आत बाहेर आणि ते उतरलं की परत बाहेर. भर दुपारी मात्र घरात पण गाद्यांवर उड्या वगैरे नकोत, हालचालीने अंग आतून तापतं, लहान मुलं मोठ्यांपेक्षा लवकर तापतात आणि खेळाच्या नादात तहान लागलेली त्यांना कळतच नाही, मागायची वाट न बघता पाणी देत राहायचं.

सकाळच्या उजेडाचा अजून एक फायदा आहे जो कोणी मोजत नाही. घरातला उजेड साधारण काहीशे लक्स (उजेड मोजायचं माप) असतो, बाहेर सावलीत सुद्धा काही हजार. बाहेरच्या उजेडात जास्त वेळ राहणाऱ्या मुलांमध्ये मायनस नंबर लागायचं प्रमाण कमी दिसतं. पूर्ण सुट्टी पडदे लावून घरात काढली तर डोळ्यांना तो उजेड मिळणार कुठून?

रात्रपाळी

सकाळी बाहेर न्या म्हणणं सोपं आहे. मी सकाळी कामावरून येऊन झोपतो, बायको त्याच वेळी कामाला निघते, मुलांना बाहेर नेणार कोण? शिवाय आमचं वरच्या मजल्याचं घर भट्टीसारखं तापतं, शांत खेळ असो नाहीतर कंटाळा असो, त्या खोलीत मूल चिडचिडं होणारच. आधी खोली गार करा मग खेळाचं बोला. आम्ही ऊन यायच्या आधी खिडक्या-पडदे बंद करतो आणि रात्री बाहेर गार झालं की उघडतो, बराच फरक पडतो. पारा 40 अंशांच्या वर गेला की नुसत्या पंख्यावर विसंबू नका, तो गरम हवाच अंगावर मारतो, तेव्हा अंग ओल्या फडक्याने पुसत राहणं बरं. बाकी मुलं दुपारी बाथरूममध्ये पाण्याचा टब भरून खेळतात, तेवढ्यात माझी झोप होते.

दोन खोल्यांचं घर

थांबा, टब भरून तुम्ही झोपता? मुलं किती मोठी आहेत माहीत नाही पण लहान असतील तर हे बंद करा. अगदी लहान मूल काही इंच पाण्यात सुद्धा बुडू शकतं आणि तेव्हा आवाज येतोच असं नाही. त्यापेक्षा माझा टॅब हजार पटीने बरा. पाण्याशी खेळताना मोठं माणूस तिथेच बसलेलं हवं आणि खेळ संपला की टब-बादली रिकामी. इथे "त्यांना त्यांचं करू द्या" चालणार नाही.

रात्रपाळी

मोठा दहाचा, छोटा चारचा. बरोबर आहे तुमचं, छोट्याला एकट्याला सोडणं बंद.

आजोबा कोपऱ्यातले

नातवंडं सुट्टीत माझ्याकडेच असतात म्हणून लिहितो. मला सावलीतली बाईंचं अर्धंच पटतं. मुलांना सोडून द्यावं हे खरं, पण आधी एखादी अशी गोष्ट दाखवावी की ती बघून त्यांच्याच डोक्यात दहा प्रश्न यावेत. पडदे लावलेलेच आहेत तर त्याचा उपयोग करा. उन्हात न्हालेली इमारत किंवा झाड समोर असेल अशी खिडकी जाड काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाका, कडेच्या फटी पण बुजवा, मधे साधारण 1 सेंटीमीटरचं भोक पाडा आणि समोर पांढरी भिंत किंवा चादर ठेवा. डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही दिसत नाही, मग हळूहळू बाहेरचं सगळं भिंतीवर उमटतं, रंगांसकट आणि उलटं. आभाळ खाली, झाडं वर, रस्त्यावरची माणसं छताला पाय लावून चालतात. प्रकाश सरळ रेषेत जातो म्हणून वरचं खाली नि खालचं वर येतं, हजारेक वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने यावर बारकाईने लिहून ठेवलंय. आणि बाहेर ऊन जितकं कडक तितकं चित्र स्वच्छ, म्हणजे ही दुपारचीच गंमत. भोक मोठं केलं तर चित्र उजळतं पण पुसट होतं, हे आमच्या नातीने स्वतः करून शोधलं, मग ती भिंतीवर कागद चिकटवून उलटं झाड गिरवत बसली. फक्त भोकातून सूर्याकडे बघायचं नाही हे आधी बजावून ठेवा.

सावलीतली बाई

आजोबा, हे फार आवडलं, पण ही पण शेवटी एक ॲक्टिव्हिटीच झाली ना? रोज नवीन काय दाखवणार? दुसऱ्या दिवशी "आज काय?" म्हणून समोर उभी राहतात.

आजोबा कोपऱ्यातले

राहतात की. मी म्हणतो कालचंच परत लाव, आज दोन भोकं पाडून बघ काय होतं.

दोन खोल्यांचं घर

मोठ्याला हे रविवारी लावून देते, धाकटी अंधाराला घाबरते त्यामुळे ती माझ्याजवळ. सकाळी बाहेर नेणं पण जमवीन कारण पायाला भिंगरी म्हणतात ते पटलंय. पण दुपारच्या कॉलला टॅब राहणार, एक तास, त्यावर मी ठाम आहे.